आईचा हिवाळी खोकला, मुलाची धाप आणि ग्वाल्हेरची हवा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात रहदारीच्या रस्त्यालगत जुन्या वाड्यात राहणाऱ्या एका गृहस्थांनी घरातील तिघांविषयी विचारले आहे. त्यांच्या ६८ वर्षांच्या आईंनी आयुष्यात कधी विडी-सिगारेटला हात लावला नाही, तरी गेली काही वर्षे दिवाळीनंतर सुरू झालेला खोकला होळीपर्यंत हटत नाही आणि आता माडीचा जिना चढताना दम लागतो. ९ वर्षांच्या मुलाला रात्री छातीत घरघर होते. इनहेलरची सवय लागेल या भीतीने तो फक्त त्रास वाढला की दिला जातो. त्यांना स्वतःला काहीच त्रास नाही, वय ४६, रक्तदाब थोडा वरचा, आणि पहाटे साडेपाचला फिरण्याचा नेम आहे. हे सगळे हवेमुळेच होते का, मास्क, एअर प्युरिफायर आणि गूळ यांचा कितपत उपयोग होतो, आणि पुण्याचा भाऊ म्हणतो त्याप्रमाणे ग्वाल्हेर सोडावे का, असे त्यांचे प्रश्न आहेत. याच शहरात छातीचे रोगी तपासण्यात माझी हयात गेली आहे, त्यामुळे मी थोडे विस्ताराने लिहितो.

सुरुवात मी तुमच्यापासून करतो, कारण तिघांत तुमची काळजी कोणी करत नाही. ज्याला खोकला नाही त्याला प्रदूषणाची बाधा नाही, असे आपल्याकडे सर्रास धरले जाते, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत घातक गैरसमज हाच आहे. दूषित हवा शरीरात शिरते ती नाकावाटे, परंतु तिच्यामुळे जे मृत्यू होतात त्यांत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा वाटा फार मोठा आहे. ज्यांना छातीचा कसलाही त्रास कधी झाला नाही अशा माणसांचाही त्यांत समावेश असतो. भारतात २०१९ या एका वर्षात सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यूंना घरातील व बाहेरील दूषित हवा कारणीभूत असल्याचा अंदाज देशातील संशोधकांनी मांडला होता. हे त्या वर्षीच्या एकूण मृत्यूंच्या सुमारे १८ टक्के होते. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र कोणाच्याही नावापुढे हवा हे कारण लिहिलेले नसते, म्हणून आपल्याला ते दिसत नाही.

हे कसे घडते ते समजून घेतले तर पुढचा सल्ला आपोआप पटेल. धुळीचे मोठे कण नाकात, घशात आणि मोठ्या श्वासनलिकांत अडकतात. तेथील चिकट स्राव आणि सूक्ष्म केसांसारखे तंतू त्यांना वर ढकलतात आणि आपण ते खाकरून बाहेर टाकतो. १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम १० म्हणतात; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यांतले २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे पीएम २.५, थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत, पोहोचतात, आणि तेथे ना तंतू असतात ना खोकल्याचा उपयोग होतो. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन धरली तर हे कण किती बारीक आहेत याची कल्पना येईल. वायुकोशांतील भक्षक पेशी ते गिळतात, परंतु काजळी आणि धातूंचे अंश त्यांना पचत नाहीत, आणि त्या झटापटीत दाह निर्माण करणारी द्रव्ये रक्तात उतरतात. रक्त गोठण्याकडे झुकते, रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर कडक होते, रक्तदाब काही अंकांनी चढतो, हृदयाच्या ठोक्यांवरचे नियंत्रण बिघडते, आणि धमनीत आधीच साचलेला चरबीचा थर फुटण्याची शक्यता वाढते. अतिसूक्ष्म कण तर फुप्फुसाचा पडदा ओलांडून स्वतःच रक्तात जातात. धूर फार असलेल्या दिवसांत आणि त्यानंतरच्या काही दिवसांत झटक्यांचे प्रमाण वाढते हे अनेक देशांत दिसून आले आहे. मात्र खरी हानी वर्षानुवर्षांच्या साठ्याने होते. तिला एखादा वाईट दिवस लागत नाही, रोजची साधारण वाईट हवा पुरते.

आता आपल्या शहराविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मे महिन्यात शहरांच्या हवेची जी आकडेवारी प्रसिद्ध केली, तिच्यात सर्वांत दूषित शहरांत ग्वाल्हेरचे नाव इराणमधील झाबोलनंतर दुसरे होते; पीएम २.५ ची वार्षिक सरासरी एका घनमीटरमागे १७६ मायक्रोग्रॅम दाखवली होती. त्यानंतरची मोजमापे याच्या पुष्कळ खाली आहेत, आणि तो जुना आकडा आजही तसाच सांगून लोकांना घाबरवणे मला योग्य वाटत नाही. पण तुलना कशाशी करायची तेही पाहिले पाहिजे. भारताची २००९ पासूनची मर्यादा वर्षाला सरासरी ४० मायक्रोग्रॅम आहे, तर आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस १० वरून ५ वर आणली. मोजणी जितकी बारकाईने झाली तितकी हानी कमी पातळीलाही दिसू लागली, हे त्यामागचे कारण आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मध्य प्रदेशातील जी शहरे मानकांत न बसणारी म्हणून घेतली गेली, त्यांत इंदूर, भोपाळ, उज्जैन, देवास आणि सागर यांच्यासोबत ग्वाल्हेर आहे.

ग्वाल्हेरची हवा वर्षभर एकाच प्रकारे वाईट नसते, आणि उपाय ठरवताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. मे-जूनमध्ये लू, म्हणजे उष्ण कोरडा वारा, वाहते, राजस्थानकडून आणि चंबळच्या बीहडांवरून, म्हणजे मातीच्या घळींवरून, धूळ येते. तेव्हा पीएम १० चढतो, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, नाक चोंदते. दुपारच्या कडक उन्हात वाहनांच्या धुरावर प्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो, तो दम्याच्या रुग्णांना छळतो. पावसाळ्यात हवा धुऊन निघते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मात्र रात्री जमीन लवकर थंड होते, थंड हवेचा थर खाली आणि उबदार थर वर अशी उलटी रचना होते, आणि पातेल्यावर झाकण ठेवावे तसा शहराचा धूर खालीच कोंडून राहतो. वाहने, कोपऱ्याकोपऱ्यावर पेटवलेल्या शेकोट्या, जाळलेला कचरा, आसपासचे कारखाने आणि शेतातील काडीकचऱ्याचा धूर हे सगळे त्या झाकणाखाली असते. उन्हाळ्यातली धूळ डोळ्यांना दिसते म्हणून लोक तिला भितात. हिवाळ्यातला बारीक धूर धुक्यात मिसळून जातो आणि लोक त्याला थंडी म्हणून सोडून देतात.

मोबाइलवर जो एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, दिसतो तो कसा वाचायचा हेही सांगतो. सिटी सेंटर, दीनदयाळ नगर, महाराजबाडा आणि फूलबाग येथे स्वयंचलित केंद्रे आहेत. त्यांतले घराजवळचे केंद्र पाहावे. हा आकडा मायक्रोग्रॅमचा नसतो. ज्या घटकाची स्थिती सर्वांत वाईट असेल त्याचा तो निर्देशांक असतो, आणि कणांच्या बाबतीत तो मागच्या २४ तासांच्या सरासरीवर काढतात. म्हणून सकाळी ७ वाजता दिसणाऱ्या आकड्यात कालची दुपारही मिसळलेली असते. आकड्याखाली प्रमुख घटक कोणता ते लिहिलेले असते, ते जरूर पाहावे. एक्यूआय २३० आणि घटक पीएम १० असेल तर ती बहुतांशी धूळ असते. घटक पीएम २.५ असेल तर त्या हवेत घनमीटरमागे सुमारे १०० मायक्रोग्रॅम बारीक धूर आहे असे समजावे, आणि माझ्या दृष्टीने दुसरी स्थिती कितीतरी अधिक गंभीर आहे.

आईंकडे वळतो. धूम्रपान न करणाऱ्या बाईला सीओपीडी कसा होईल, असे घरचे लोक नेहमी विचारतात, आणि अनेकदा डॉक्टरही त्याच समजुतीमुळे तपासणी सांगत नाहीत. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होणे. आपल्या देशात त्याच्या रुग्णांत चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या स्त्रियांची संख्या फार मोठी आहे. आईंच्या पिढीतल्या बहुतेक घरांत सिलिंडर येण्याआधी लाकडाची चूल, कोळशाची शेगडी किंवा भुशाची शेगडी होती. खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना घनमीटरमागे ५०० ते १००० मायक्रोग्रॅम, कधी त्याहून जास्त, धूर असतो. लग्नानंतरची पंधरा-वीस वर्षे रोज तीन-चार तास त्यात गेली असतील तर फुप्फुसाने तो हिशेब ठेवलेला असतो. गॅस आल्यावर धूर थांबला, पण जे नुकसान झाले ते भरून आले नाही, आणि आता त्यावर रस्त्याकडच्या धुराची भर पडते आहे. म्हणून त्यांना विचारताना विडी ओढता का एवढेच विचारून थांबू नये. माहेरी काय जळत होते, सासरी काय जळत होते आणि किती वर्षे, हे विचारावे.

तरीही ऐकूनच हा निष्कर्ष काढू नका. स्पायरोमेट्री ही साधी तपासणी करून घ्या. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी धरून छाती पूर्ण भरून घ्यायला सांगतात आणि मग सगळा जोर लावून, एकदम, सहा सेकंदांपर्यंत फुंकत राहायला सांगतात. वयस्क बायका पहिल्या वेळी संकोचाने हळू फुंकतात आणि अहवाल चुकीचा येतो. म्हणून तंत्रज्ञाने शेजारी उभे राहून, अगदी ओरडून, जोर करायला लावले पाहिजे आणि निदान तीन नीट फुंकी मिळवल्या पाहिजेत. त्यानंतर श्वासनलिका मोकळी करणारे औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच करतात. औषधानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तर अडथळा कायमचा आहे. औषधाने आकडा चांगलाच सुधारला तर दम्याचा विचार करावा लागतो. नुसत्या एक्स-रेवरून यातले काही कळत नाही. लवकरच्या अवस्थेत सीओपीडीचा एक्स-रे पुष्कळदा स्वच्छ दिसतो, आणि फोटो साफ आहे असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते.

एक्स-रे मात्र वेगळ्या कारणासाठी काढायचाच आहे. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर आपल्या भागात क्षयरोग आधी वगळला पाहिजे. क्षयाचे जंतू शोधणारी थुंकीची सीबीनॅट तपासणी सरकारी केंद्रात विनामूल्य होते. आईंना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तिच्या पाकिटावरचे मूळ औषधाचे नाव वाचा. रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल या जातीची औषधे काही जणांना कोरडा, चिवट खोकला लावतात, आणि गोळी बदलताच काही आठवड्यांत तो जातो. दम लागण्यामागे हृदय दुर्बळ झालेले असू शकते, रक्त कमी असू शकते. पायांवर सूज आहे का, रात्री उशी उंच करावी लागते का, हे पाहावे आणि ईसीजी, गरज वाटल्यास इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावा. हवेला दोष देणे सोपे असते आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो, म्हणूनच या शहरात इतर आजार हवेच्या नावाखाली लपून राहण्याचा धोका अधिक आहे. सीओपीडी निघालाच तर रोजचा इनहेलर, दरवर्षी थंडीआधी फ्लूची लस, न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची न्यूमोकॉकसची लस आणि रोज थोडे चालणे यांनी आईंचे हिवाळे निश्चित सुसह्य होतील.

मुलाच्या बाबतीत मला थोडे कठोर लिहावे लागेल. दम्यात श्वासनलिकांच्या अस्तराला सतत सूज असते. त्रास वाढल्यावर तुम्ही जो निळा पंप देता त्यातले साल्ब्युटामॉल नळ्यांचे स्नायू सैल करते, परंतु सूज जशीच्या तशी ठेवते. सूज उतरवणारे औषध म्हणजे पंपातूनच घ्यायचे अत्यल्प मात्रेतले स्टेरॉइड, आणि ते डॉक्टर सांगतील तोवर रोज, मूल बरे दिसत असतानाही द्यायचे असते. त्याची सवय लागत नाही. उंचीवर होणारा परिणाम विचाराल तर दीर्घकाळच्या वापराने साधारण एका सेंटिमीटरचा फरक पडू शकतो असे दिसले आहे. वारंवार उखडणारा दमा, चुकलेली शाळा आणि तोंडाने घ्यावे लागणारे स्टेरॉइडचे डोस यांपुढे ही किंमत मी स्वतःच्या घरातही आनंदाने मोजीन. पंप थेट तोंडात न मारता स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून द्या. पंप हलवा, स्पेसरमध्ये एक दाब द्या, मुलाला पाच-सहा सावकाश श्वास घेऊ द्या, मग अर्धा मिनिट थांबून दुसरा दाब, आणि शेवटी चूळ भरायला लावा. दवाखान्यात येणाऱ्या किती तरी मुलांचे औषध जिभेवर आणि टाळ्यावर बसते, फुप्फुसात पोहोचतच नाही, आणि घरचे म्हणतात पंप लागू पडत नाही.

मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त जपायचे कारण असे की त्यांची फुप्फुसे अजून वाढत असतात. कॅलिफोर्नियात हजारो शाळकरी मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले; जेथे हवा वाईट तेथे अठराव्या वर्षापर्यंत फुप्फुसांची क्षमता कमी राहिली, आणि पुढे त्याच भागांतली हवा सुधारल्यावर नंतरच्या मुलांची वाढही सुधारली. अमेरिकेतील युटा राज्यातल्या एका खोऱ्यात १९८६ च्या ऑगस्टपासून सुमारे १३ महिने पोलादाचा कारखाना कामगार-तंट्यामुळे बंद राहिला, तर त्या हिवाळ्यात छातीच्या विकाराने रुग्णालयात भरती होणारी मुले लक्षणीयरीत्या कमी झाली, आणि कारखाना सुरू झाल्यावर पुन्हा वाढली. बीजिंगमध्ये २००८ च्या ऑलिंपिकसाठी हवा काही आठवडे स्वच्छ केली गेली, त्या काळात ज्या स्त्रियांना आठवा महिना होता त्यांची बाळे सरासरी २३ ग्रॅमने वजनदार जन्मली. हवा सुधारली की शरीर प्रतिसाद देते, आणि तो केवळ काही वर्षांनी नव्हे, काही आठवड्यांतही दिसतो, म्हणून ही उदाहरणे मी पालकांना मुद्दाम सांगतो.

शहराची हवा तुमच्या हातात नाही, पण तुमच्या नाकाजवळची हवा बऱ्याच अंशी आहे. शरीरात जाणारी मात्रा तीन गोष्टींवर ठरते: हवेत किती धूर आहे, त्यात आपण किती वेळ आहोत, आणि त्या वेळी किती श्वास घेत आहोत. बहुतेक माणसांचा सर्वांत जास्त वेळ घरात, त्यातही झोपण्याच्या खोलीत जातो. तेथे थंडीत खिडक्या बंद असतात आणि डासांसाठी कॉइल लावलेली असते. एक कॉइल पूर्ण जळताना जितके बारीक कण सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटी जाळल्याइतके भरतात, असे २००३ मधील एका मोजणीत आढळले होते. दमेकरी मुलाच्या उशाशी कॉइल जळत असेल तर बाहेरच्या एक्यूआयची चर्चा व्यर्थ आहे. ती आजपासून बंद करून मच्छरदाणी लावा. देवघराबद्दल बोलताना लोकांचे मन दुखावते हे मी जाणतो, आणि पूजा बंद करा असे मी कोणाला सांगितलेले नाही. तुपाची निरांजनी काही वेळ लावून, अगरबत्ती व धूप अंगणात तुळशीपाशी ओवाळले तर श्रद्धेत उणे काही येत नाही आणि माजघरात धूर कोंडत नाही. अंगण झाडताना आधी सडा घाला, आणि ते काम आईंकडून काढून घ्या. घरात कोरड्या झाडूऐवजी ओले फडके फिरवा. वाड्याला चौक असेल तर आई आणि मुलगा यांची झोपण्याची जागा रस्त्याकडच्या खोलीतून चौकापलीकडे न्या. वाहनांचा ताजा धूर रस्त्यापासून अंतर वाढत जाते तसा विरळ होतो.

एका गोष्टीबाबत कळकळीची विनंती आहे. कडाक्याच्या थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका, म्हाताऱ्या माणसांच्या खाटेखाली तर मुळीच नाही. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. निखारे विझत आल्यासारखे दिसले तरी तो निघतच असतो. न्हाणीघरातल्या गॅस गीझरलाही हेच लागू आहे. झरोका उघडा असल्याखेरीज तो पेटवू नये.

मास्क आणि प्युरिफायर यांचे उत्तर थोडक्यात देता येते. रुमाल, उपरणे किंवा कापडी मास्क धुळीला अडवतात, बारीक धुराला नाही. एन ९५ अडवतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढी असेल तर कडेने हवा आत येते. दुचाकीवरून दुकानात जाता-येता तुम्ही तो वापरावा. आईंना त्यातून श्वास घेणे जड जात असेल तर त्यांच्यावर जबरदस्ती नको, त्यापेक्षा त्यांची बाहेर जाण्याची वेळ बदला. प्युरिफायर ऐपत असेल तर एकच घ्या, मुलाच्या आणि आईंच्या झोपण्याच्या खोलीत. १२ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीत सुमारे ४१ घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळली जावी म्हटले तर यंत्राच्या खोक्यावर सीएडीआर, म्हणजे यंत्र किती स्वच्छ हवा देते तो आकडा, ताशी २०० घनमीटरच्या पुढे लिहिलेला असावा. बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर असलेले घ्या, ओझोन सोडणारे आयोनायझर नको, आणि फिल्टर काळा पडला की पैसे न वाचवता बदला. घरात कुंड्या ठेवल्याने हवा गाळली जाते हे खरे नाही. छताच्या कौलांमधून वारा खेळणाऱ्या जुन्या खोलीत यंत्राचा फायदा फारसा होत नाही, तेव्हा त्या पैशांतून आधी दारे-खिडक्यांच्या फटी बुजवा.

गुळाचे विचाराल तर हजिऱ्याच्या कापड गिरण्या चालू होत्या त्या काळापासून कामगार पाळी सुटल्यावर गूळ खात आले आहेत, आणि आजही दगडाच्या खाणीवरचे मजूर खातात. लखनौच्या संशोधकांनी १९९४ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात गुळाने फुप्फुसातील कण हलण्यास मदत झाल्याचे नोंदवले होते, पण माणसांमध्ये तसा फायदा सिद्ध झालेला नाही. गूळ जातो अन्ननलिकेत, धूळ जाते श्वासनलिकेत. चवीला खावा, मधुमेह असेल तर तोही नको. फक्त गूळ खाल्ला म्हणून मास्क नको, असे कोणी ठरवू नये. घाटीगाव-पनिहारकडच्या दगडकामातील मजुरांना मी हे नेहमी सांगतो, कारण त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात जे कायमचे व्रण करते त्यावर आजही औषध नाही, आणि कटरवर पाणी सोडून धूळ जागीच मारणे हाच तिच्यावरचा खरा इलाज आहे.

तुमच्या फिरण्याच्या नेमाकडे येतो. फिरणे सोडू नका. चालण्याने हृदयाला होणारा फायदा आपल्या शहराच्या बहुतेक दिवसांच्या हवेतही तोट्याहून जास्त आहे. वेळ मात्र बदला. हिवाळ्यात पहाटे साडेपाचला वर सांगितलेले झाकण पूर्ण बसलेले असते, आणि भरभर चालताना तुम्ही बसलेल्या माणसाच्या तिप्पट-चौपट हवा आत ओढता. ऊन चांगले वर आल्यावर, शक्य तर दुपारी, मुख्य रस्ता टाळून चाला, पीएम २.५ मुळे एक्यूआय ३०० च्या पुढे असेल त्या दिवशी घरातच चाला. मार्चनंतर पहाटेची वेळ पुन्हा धरा, कारण उन्हाळ्यात दुपारचा ओझोन आणि लू यांपेक्षा ती बरी. थोडा वरचा रक्तदाब मात्र थोडा म्हणून सोडू नका. घरी सकाळ-संध्याकाळ आठवडाभर मोजून लिहून ठेवा, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा, आणि डॉक्टरांनी गोळी सांगितली तर ती घ्या. हवेतून येणारा धोका लगेच कमी करता येत नसेल तेव्हा हृदयावरचे बाकीचे ओझे उतरवून ठेवणे हे सर्वांत खात्रीचे संरक्षण आहे.

गल्लीतला कचरा आणि सुकी पाने जाळणाऱ्यांबद्दलही बोलले पाहिजे. राष्ट्रीय हरित अधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी केली आहे आणि ५,००० रुपयांचा, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपयांचा दंड ठरवला आहे. नगर निगमाकडे फोटोसह तक्रार करा. सफाईवाल्याशी भांडून मात्र उपयोग नाही. ढीग उचलायला गाडी वेळेवर आली तर तो कशाला पेटवील? म्हणून तक्रार गाडीची करा, आणि वाड्यातल्या चार बिऱ्हाडांच्या सह्या घेऊन करा.

आणि पुणे. पुण्याची हवा आपल्या हिवाळ्याच्या मानाने बरी आहे, हे मी नाकारत नाही, पण तीही आरोग्य संघटनेच्या शिफारशीत बसत नाही, आणि तेथे हमरस्त्यावरच्या सदनिकेत राहिलात तर फरक आणखी कमी होईल. आईंचा दम आणि मुलाची घरघर यांवर आजवर नीट उपचारच झालेले नाहीत, तेव्हा गाव सोडण्याचा निर्णय आत्ता घेण्याची घाई मला दिसत नाही. आधी आईंची स्पायरोमेट्री, थुंकी आणि ईसीजी करा, मुलाचे रोजचे औषध तीन महिने न चुकवता द्या आणि फुंकीचा वेग मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरवर त्याचे सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहा. डिसेंबर-जानेवारीचे दोन महिने आई भावाकडे राहू शकत असतील तर अवश्य पाठवा. अनेक कुटुंबे तसे करतात आणि त्याचा उपयोग होतो. औषध नीट चालू असूनही, कॉइल बंद करून आणि खोली बदलूनही, मुलाला वर्षात दोनदा-तीनदा भरती करावे लागले, तर मग मी स्वतः तुम्हाला शहर बदलण्याचा विचार करा असे सांगेन. तोपर्यंत ओठ निळसर होणे, बोलताना वाक्य पुरे न होणे किंवा बरगड्यांमधली त्वचा श्वासाबरोबर आत ओढली जाणे यांपैकी काही दिसले तर पंप देत देत थेट आपत्कालीन विभाग गाठा. छातीत दाब, घाम, तोंड वाकडे होणे किंवा एका हातातील शक्ती जाणे ही चिन्हे तुमच्यात किंवा आईंमध्ये दिसली तरीही तेच करा, सकाळ होण्याची वाट पाहू नका.